दोन तोंडांचं घड्याळ आणि चावीची कटकट

सांगलीत मारुती रोडला एका घड्याळवाल्या काकांकडे आप्पांचं जुनं चावीचं एचएमटी घेऊन बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या पोराने मोबाईलवर जेजर लकुल्टर या स्विस कंपनीचं रिव्हर्सो दाखवलं, ते उलटं फिरवलं की मागं दुसरी डायल. पोरगा म्हणाला, काका, एवढे लाखो रुपये आणि वर रोज चावी द्यायची, ऑटोमॅटिक का नाय करत? काकांनी डोळ्यावरचं भिंग पण काढलं नाही. "मागं जागा कुठाय रे?"

घरी येताना हेच डोक्यात. आणि खरंच, उत्तर तेवढंच आहे.

रिव्हर्सो मुळात पोलोसाठी झालं. इथे हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळाच्या काचा फुटायच्या, म्हणून काच आत आणि धातूची पाठ बाहेर करता येईल अशी केस (घड्याळाची पेटी) काढली, पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज 4 मार्च 1931 चा. तेव्हा मागं नुसता पत्रा. पाठीवर दुसरी वेळ दाखवणारं ड्युओफेस 1994 ला आलं, मशीन मात्र आत एकच आणि ते चावीचं.

आता एकाच मशीनने दोन डायल चालवायच्या तर गंमत होते. भिंतीवरचं घड्याळ पारदर्शक असतं आणि तुम्ही मागून बघितलं असतं तर काटे उलटे फिरताना दिसले असते ना, तसंच इथे. म्हणजे तोच आस मागं काढून काटा लावला तर वेळ उलटी पळणार. मग एक चाक जादा घालायचं. रसवंतीचा चरक बघा, एकमेकांत अडकलेली दोन चाकं कायम विरुद्ध फिरतात, मागची दिशा पलटायला हीच युक्ती वापरायची.

आणि ऑटोमॅटिकचा रोटर? तो अर्ध्या चकतीचा जड तुकडा, कधी सोन्याचा, कधी टंगस्टनचा, हात हलला की जड बाजू खाली यायला बघते, फिरते आणि स्प्रिंग भरते. बऱ्याच घड्याळात दोन्हीकडे फिरला तरी चालतं, मधली चाकं त्याचं एकाच दिशेचं फिरणं करून देतात, ताकातली रवी कशी दोन्हीकडे फिरते पण लोणी येतंच. पण हा तुकडा सहसा बसतो मशीनच्या पाठीवर, म्हणजे बरोबर तिथं जिथं दुसरी डायल पाहिजे. डायलच्या खाली लपवला तर घड्याळ जाड होणार, आणि उलटं फिरणारी केस आधीच एका चौकटीत बसलेली असते म्हणजे जाडी दोनदा मोजा.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. केस आयताकृती, रोटर गोल, त्यामुळे तो अरुंद बाजूत मावेल एवढाच करता येतो. जाडी तीच ठेवून रोटरची त्रिज्या निम्मी केली तर वजन पाव होतं, वजनाचं मध्यापासूनचं अंतरही निम्मं होतं, म्हणजे स्प्रिंग पिळणारा जोर आठवा हिस्सा. 2006 ला ऑटोमॅटिक रिव्हर्सो स्क्वाड्रा काढलं तेव्हा केस मोठी आणि चौकोनाकडे झुकलेली केली, उगाच नाही. मला स्वतःला ते दिसायला आवडत नाही, जाऊ दे.

चावी द्यायची म्हणजे दिवसाला अर्धा मिनिट. अडली की थांबायचं, जोर करायचा नाही, ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचं टोक घसरतं म्हणून तिथे ही भीती नसते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मागचा तासकाटा बटण दाबून एकेक तासाने सरकतो पण मिनिटकाटा पुढच्याच काट्यांच्या चाकांना जोडलेला, आणि आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची. दुबईच्या भाच्याची वेळ दीड तासाने मागे, लंडन पण साडेच्या हिशोबात, म्हणजे दोन्ही लागत नाहीत. काबूलची मात्र, पूर्ण तासाचाच फरक म्हणून, अगदी बरोबर लागते. काबूलला माझं कोण आहे!