पेनसिल्व्हेनियात खारीची शिकार: आधी परवाना, मगच बंदूक

शरद ऋतूतल्या पहाटे ओक किंवा हिकरीच्या बुंध्याला पाठ टेकून बसावे, वरून पडणाऱ्या टरफलांच्या आवाजावरून खार कोणत्या फांदीवर आहे ते ताडावे आणि दुपारी तिचा रस्सा शिजवावा, एवढाच हा साधा आनंद आहे. कागदपत्रांचा क्रम चुकला की मात्र तो महागात पडतो.

एच-वन-बी (नोकरीचा), एच-फोर (अशा नोकरदाराच्या जोडीदाराचा वा मुलांचा) किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक वा काडतुसे बाळगता येत नाहीत. अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा वैध शिकार-परवाना जवळ असणे हा या बंदीतील प्रमुख अपवाद आहे. त्यामुळे “सरावापुरती मित्राची बंदूक घेतो, परवाना नंतर काढू” हा विचार गुन्ह्यापर्यंत नेऊ शकतो, आणि गुन्हा नोंदला गेला तर व्हिसाही धोक्यात येतो. ग्रीनकार्डधारकांना, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी असलेल्यांना, ही बंदी लागू नाही. इतकी गंभीर बाब परवाना हाती देताना कोणी समजावून सांगत नाही, हे खरोखर चीड आणणारे आहे.

दुसरा घोळ मुदतीचा होतो. परवाना मार्चमध्ये काढला तरी तो वर्षभर चालत नाही, कारण परवान्याचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे असते. ३० जूनला तो संपला आणि नवा काढला नाही, तर व्हिसाधारकाच्या घरातली बंदूक त्या अपवादाबाहेर जाते. म्हणून नूतनीकरण जूनमध्येच आठवणीने करावे.

ज्यांनी पूर्वी कधी शिकार-परवाना घेतलेला नाही, त्यांना वय कितीही असले तरी शिकार-सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. दुसऱ्या राज्यातले प्रमाणपत्रही चालते. रहिवासी दराने परवाना हवा असेल तर अर्जापूर्वी सलग ३० दिवस राज्यात वास्तव्य हवे. ओळखपत्र आणि शुल्क हा भाग सोपा आहे. अडते ते सोशल सिक्युरिटी क्रमांकापाशी, म्हणजे अमेरिकी सरकार प्रत्येकाला देते त्या ओळख-क्रमांकापाशी. मुलांच्या पोटगीची वसुली सोपी व्हावी म्हणून केलेल्या केंद्रीय कायद्यामुळे शिकारीच्या अर्जातही तो मागितला जातो आणि एच-फोरवरील अनेक जोडीदारांकडे तो नसतो. अशांनी अर्ज भरण्याआधीच राज्याच्या गेम कमिशनच्या (शिकार व वन्यजीव पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या) विभागीय कार्यालयात विचारून घ्यावे. खोटा किंवा जोडीदाराचा क्रमांक कधीही लिहू नये.

परवाना मिळाल्यावर रानात पाळायचे नियम मोजके आहेत. सर्व प्रकारच्या मिळून दिवसाला सहाच खारी मारता येतात. उडत्या खारी मात्र संरक्षित आहेत. डोके, छाती व पाठ मिळून किमान २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड दिसले पाहिजे, आणि वस्ती असलेल्या इमारतीपासून १५० यार्डांच्या आत रहिवाशाच्या परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. झाडांवर जांभळे पट्टे दिसले तर ती प्रवेशबंदीची खूण समजावी आणि मागे फिरावे.