मागची मोठी चाके (जुन्या पिकअप गाडीची)

जुन्या पिकअप गाडीच्या मागच्या आसावर कारखान्याच्या मापापेक्षा उंच आणि रुंद टायर बसवण्याची पद्धत. त्यासाठी बहुधा रिमही रुंद घ्यावी लागते. पुढची चाके मूळ मापाचीच ठेवतात, म्हणून गाडीची पाठ उचललेली आणि नाक किंचित झुकलेले दिसते. हा घाट अमेरिकेतला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या सरोवरांच्या तळावर जुन्या फोर्ड गाड्या शर्यतीसाठी सुधारून पळवल्या जात. मागचे चाक उंच असले की एका फेऱ्यात अंतर जास्त कापले जाते, हे त्यामागचे साधे गणित. पुढे 1953 सालच्या फोर्ड एफ-100 सारख्या पिकअपवरही तो घाट आला.

विदर्भातल्या गावांत अशा हौसेला मिळणाऱ्या गाड्या म्हणजे महिंद्राच्या जीपवर बेतलेली हौद्याची (मागे माल ठेवायची उघडी पेटी असलेली) गाडी किंवा 1988 साली आलेल्या टाटामोबाईलच्या वंशातली टाटा 207 पिकअप. मागे मोठे आणि पुढे लहान चाक इथल्या डोळ्याला परके नाही, प्रत्येक ट्रॅक्टर तसाच असतो. जुन्या जीपचे 6.00-16 हे माप अनेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाचेही आहे. मात्र रिमेत बसला म्हणून ट्रॅक्टरचा पट्टेदार टायर जीपला लावू नये. शेतीचे टायर ताशी 30-40 किलोमीटर वेगासाठी बांधलेले असतात, डांबरी रस्त्यावर साठच्या वेगाने ते तापतात.

माप वाचता आले की अर्धे काम होते. 215/75 आर 15 म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के आणि रिम 15 इंचांची. याचा व्यास सुमारे 703 मिलिमीटर भरतो. त्याच रिमेवर 235/75 घेतला तर व्यास 733 होतो. गाडी मागून 15 मिलिमीटर उचलली जाते आणि फरक सव्वाचार टक्क्यांचा पडतो, तो जुनी गाडी निभावून नेते. खरी ओढ असते ती 31 इंची, साडेदहा इंच रुंद टायरची. तिथे व्यास 787 वर जातो, म्हणजे जवळपास 12 टक्के वाढ. काटा 60 दाखवत असताना गाडी 67 ने धावते. डिफरेन्शिअलचे, म्हणजे मागच्या आसातल्या गिअरसंचाचे, प्रमाण 5.38 असेल तर ते 4.81 असल्यासारखे वागते आणि भरल्या गाडीला चढावर एक गिअर आधी उतरवावा लागतो. ब्रेकचा ड्रम तोच राहतो, पण चाकाची त्रिज्या वाढल्याने त्याच दाबाला रस्त्यावर ब्रेकचा जोर त्याच हिशेबाने कमी पडतो. थांबायचे अंतर वाढते ते याच कारणाने, आणि या हौसेत सर्वांत कमी बोलले जाते तेही याच गोष्टीबद्दल.

टायर आतून पाट्यांना (आसावरच्या पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्यांना) किंवा चासीला घासतो, बाहेरून मडगार्डच्या कडेला. साडेदहा इंची टायर 215 च्या टायरपेक्षा सुमारे 52 मिलिमीटर रुंद असतो. रिमेची बैठक मध्यावर धरली तर दोन्ही अंगांना 26-26 वाढतात. आत जागा नसेल तर खोलगट डिशची रिम लावून चाक बाहेर काढतात. चाक जितके बाहेर, तितका बेअरिंग आणि स्टडवर (चाक धरणाऱ्या बोल्टवर) ताण जास्त. हब (चाक बसते तो आसाचा टोकाचा भाग) आणि रिमेच्या मधे चकत्या घालून किंवा जुनी रिम कापून, पट्टी जोडून रुंद करणे हा स्वस्तातला मार्ग आहे, पण हौद्यात माणसे बसणाऱ्या गाडीसाठी तो अजिबात योग्य नाही. अमेरिकेत यावर आसच आखूड करून घेतात आणि हौद्याच्या आतले चाकाचे घर रुंद करतात. त्यात हौद्याची जागा जाते. ज्याची गाडी माल वाहते त्याला ती सोडता येत नाही.

मोजणी गवंड्याच्या ओळंब्याने उत्तम होते. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडायचा, तिथून हबच्या बैठकीपर्यंत आणि बैठकीपासून पाट्यापर्यंत अंतर घ्यायचे. दोन्ही बाजू वेगळ्या मोजाव्यात, कारण जुन्या गाडीचा हौदा सरळ बसलेला क्वचितच असतो. मात्र रिकाम्या गाडीवर घेतलेले हे माप फसवे ठरते. पिकअपचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात, रिकामी असताना गाडी मागून उंच उभी राहते आणि मडगार्डखाली भरपूर मोकळीक दिसते. भरली की ती मोकळीक काही इंचांनी घटते. त्यातही माल कोणता हे पाहावे लागते. कापसाने भरलेला हौदा डोंगराएवढा दिसतो, पण पाटे तेवढे दबत नाहीत. सोयाबीनचे किंवा तुरीचे कट्टे (पोती) हौद्याच्या फाळक्याच्या, म्हणजे बाजूच्या फळीच्या, खालीच राहतात आणि गाडी बसवतात. तेव्हा माप घ्यायचे ते कट्टे लादून, आणि मग एक मागचे चाक दगडावर चढवून, म्हणजे आस तिरपा झाल्यावर टायर कुठे टेकतो ते कळते.

याउपर वऱ्हाडात गाऱ्याचा, म्हणजे चिखलाचा, हिशेब धरावा लागतो. इथली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकण कणांची. जून-जुलैत पांधणीतून (शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेतून) शंभर पावले गेले तरी ती टायरला थरावर थर चढते आणि टायरचे माप आपोआप वाढते. डांबरावर चालणाऱ्या गाडीला टायर आणि पाट्यांत बोटभर जागा पुरते. पांधणीत जाणाऱ्या गाडीला चार बोटेही कमीच. जागा बुजली की गारा मडगार्ड आणि टायरमध्ये पाचरीसारखा अडकतो, चाक जाम होते, ब्रेकचा पाइप ओरबाडला जातो. रुंद टायरचा वजन पसरण्याचा फायदा मऊ रानात मिळतो हे खरे. पण वर ओला थर आणि खाली टणक जमीन असेल तिथे अरुंद टायर थर कापून खालची पकड घेतो, रुंद टायर वरच घसरतो. बैलबंडीची चाके उंच आणि अरुंद राहिली ती उगाच नाही. उंची खाचखळगे सोपे करते, रुंदीचा उपयोग जमिनीवर ठरतो.

चारही चाकांना जोर देणाऱ्या जीपला दोन मापांचे टायर लावू नयेत. जोर जोडल्यावर पुढच्या आणि मागच्या आसाला जोर पोचवणारे दांडे एकाच वेगाने फिरतात. दहा फेऱ्यांत 703 व्यासाचे चाक सुमारे 22.1 मीटर जाते आणि 787 चे 24.7. हा अडीच मीटरचा फरक टायर घासून किंवा गिअरपेटीतले दात झिजवून भरून निघतो. गाऱ्यात तो घसरण्यात खपतो, कोरड्या रस्त्यावर दांडे पिळले जातात.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या, म्हणजे मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ही तरतूद पुन्हा अधोरेखित केली. टायर मडगार्डच्या बाहेर आलेली गाडी तपासणीत अडते, म्हणून टायर आणण्याआधीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

स्टेपनीचा प्रश्न उरतोच. दोन मापे म्हणजे एक स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. मागे लहान स्टेपनी लावून गाडी दूर नेली तर डिफरेन्शिअलचे आतले गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात आणि तापतात. ज्यांची गाडी आडरानात जाते ते मोठ्या मापाची स्टेपनी हौद्यात ठेवतात आणि पुढचे पंक्चर जागेवरच काढतात.

पांधणीतून डांबरी रस्त्याला लागल्यावर रिमेच्या आतला गारा ओला असतानाच काढून टाकावा. खोल डिशमध्ये तो एका बाजूला वाळून दगडासारखा होतो, आणि चाळीसच्या पुढे चाक असे थरथरते की माणूस बेअरिंग गेले समजून ड्रम उघडायला घेतो.