पिस्तुलावरचा लाल ठिपका: फ्रेमवरून स्लाइडवर

कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते ओपन साइटवर, म्हणजे नेम धरायच्या साध्या, काच नसलेल्या खुणांवर. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत आजही दुर्बीण, आरसा किंवा प्रकाशाचा ठिपका दाखवणारी साइट चालत नाही. त्यामुळे रेड डॉटचा, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटचा, इतिहास ऑलिंपिकच्या रेंजवर सापडत नाही. तो घडला मुख्यतः अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये, जिथे नेमाइतकीच घाई महत्त्वाची असते.

मूळ कल्पना मात्र फार जुनी. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी 1900 साली परावर्तक साइटचं पेटंट घेतलं. काचेवर पडलेली खूण डोळ्याला दूर अनंतावर असल्यासारखी दिसते, हे तिचं तत्त्व. ओपन साइटवर बॅकसाइटची खाच, फोरसाइटचं टोक आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या गोष्टी जुळवाव्या लागतात, आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहू शकतो. ठिपका आला की नजर लक्ष्यावरच ठेवता येते. चाळिशी ओलांडलेल्या नेमबाजाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

तरी पिस्तुलापर्यंत यायला पाऊण शतक गेलं. छोटा, बॅटरीवर चालणारा एलईडी हाताशी आल्यावर स्वीडनच्या एमपॉइंटने 1975 मध्ये पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साइट बाजारात आणली. ती होती लांब नळी. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, दर गोळीला झपाट्याने मागे जाऊन पुढे आदळते. तिच्यावर एवढं वजन बसवणं शक्यच नव्हतं. मग बंदूक-कारागिरांनी फ्रेमच्या, म्हणजे खालच्या न सरकणाऱ्या सांगाड्याच्या, बाजूला भोकं पाडून, आटे कापून धातूचा माउंट स्क्रूने आवळला. साइट वर स्थिर, स्लाइड तिच्याखालून ये-जा करणार. पिस्तूल बोजड आणि उंच झालं, होल्स्टरही वेगळं शिवावं लागलं, पण साइट टिकली.

1990 मध्ये अॅडलेडला झालेल्या आयपीएससी या प्रॅक्टिकल शूटिंग संघटनेच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचा डग कोनिग रेड डॉट लावलेल्या पिस्तुलावर विजेता ठरला. त्यानंतर ओपन साइटवाल्यांना त्याच गटात उभं करणं अन्यायाचं झालं असतं. पुढच्या काही वर्षांत ‘ओपन’ (नावात ओपन असलं तरी रेड डॉट चालणारा) आणि त्याहून साधे विभाग वेगळे झाले. माझ्या मते नियमकर्त्यांनी इथे शहाणपणा दाखवला: नव्या साधनावर बंदी न घालता त्याला स्वतंत्र जागा दिली.

1990 च्या दशकात सी-मोअर कंपनीने नळी काढून नुसत्या काचेची हलकी रेड डॉट साइट दिली, तर जर्मनीच्या डॉक्टर (Docter) कंपनीने काडेपेटीएवढी लहान. आता ठिपका थेट स्लाइडवर नेता येत होता, पण धक्क्यांनी काचा निखळत, बॅटरीचा संपर्क तुटे, स्क्रू कापले जात. 2009 मध्ये ट्रायजिकॉन कंपनीची आरएमआर ही छोटी साइट आल्यानंतर टिकाऊपणाचा विश्वास वाढला. 2015 मध्ये पिस्तूल बनवणाऱ्या ग्लॉकने साइट बसवायला स्लाइडवर कारखान्यातूनच खाच कापलेली एमओएस पिस्तुलं आणली, आणि पाठोपाठ अमेरिकेच्या यूएसपीएसए या प्रॅक्टिकल शूटिंग संघटनेने कॅरी ऑप्टिक्स विभाग सुरू केला. त्यात साइट स्लाइडवरच हवी, फ्रेमवरचा माउंट चालत नाही. 1990 च्या सुमारास जी जागा अशक्य होती, तीच या विभागात सक्तीची झाली.

अडचण उरली ती साइट स्लाइडवर बसवण्याच्या जागेची. आरएमआर, डॉक्टर, डेल्टापॉइंट प्रो या साइट्सच्या स्क्रूंची आणि खुंट्यांची मांडणी वेगवेगळी, म्हणून मध्ये अॅडॅप्टर पट्टी येते आणि सैल होण्याची आणखी एक जागा तयार होते. स्पर्धक स्क्रूचे आटे तेलमुक्त करून लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावतात, टॉर्क पान्याने ठरलेल्या मापापर्यंतच आवळतात आणि स्क्रूच्या डोक्यावर रंगाची रेघ ओढतात. रेघ तुटली की स्क्रू फिरल्याचं लगेच कळतं. हा खटाटोप हवाच. सहा एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका 25 मीटरवर साडेचार सेंटिमीटरहूनही थोडं कमीच झाकतो. पट्टी केसभर हलली तरी गोळी त्याबाहेर जाते.