घरगुती मॅग्नेटिक स्टररच्या मागचा इतिहास

लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा फॅन आणायचा, जुन्या हार्ड डिस्कमधला मॅग्नेट काढून फॅनच्या मधल्या गोल भागावर बरोब्बर सेंटरला चिकटवायचा, वर पातळ ॲक्रेलिकची शीट, त्यावर बीकर आणि बीकरमध्ये छोटासा बार मॅग्नेट, झाला मॅग्नेटिक स्टरर तयार, खालचा मॅग्नेट फिरला की आतला बारही फिरतो आणि द्रव आपोआप ढवळला जातो. मुंबईत कितीतरी जण हे घरी करतात, पण त्या छोट्याशा डब्यात दोन जुनी पेटंट एकमेकांवर बसलीत हे फारसं कोणी सांगत नाही, आणि मला तर सगळ्यात भारी तेच वाटतं.

आधी कसं होतं, तर काचेच्या कांडीने हाताने ढवळत बसा, नाहीतर वरून मोटर लावून दांडा आत सोडा, आणि भांडं बंद हवं असेल तर दांडा फिरतो तिथून वाफ निसटू नये म्हणून पाऱ्याचं सील करा, म्हणजे डोक्याला तापच. १९१७ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड स्ट्रिंगहॅमने पेटंट घेतलं, त्यात खालच्या बेसमध्ये इलेक्ट्रोमॅग्नेट जागचे हलत नाहीत, फक्त त्यांचं फील्ड फिरतं आणि त्याच्यामागे भांड्यातला ढवळणारा तुकडा फिरतो. मग १९४४ मध्ये न्यू जर्सीच्या आर्थर रोझिंजरला पेटंट मिळालं, त्याने खाली मोटरवर सरळ मॅग्नेटच फिरवला आणि आतल्या बार मॅग्नेटला प्लॅस्टिक, काच किंवा पोर्सेलिनचं कवच दिलं, कारण उघडं लोखंड ॲसिडमध्ये टिकणार कसं! माझ्या मते खरी कमाल त्या कवचाचीच आहे. टेफ्लॉन, म्हणजे ॲसिडलाही दाद न देणारं प्लॅस्टिक, १९३८ मध्येच ड्यूपाँटच्या रॉय प्लंकेटला सापडलं होतं, पुढे तेच बारवर चढलं, आज प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतो तो पांढरा बार म्हणजे हाच.

आता आपला फॅन उघडून बघा. मध्ये कॉइल, त्या अजिबात हलत नाहीत, सर्किट त्यांना आळीपाळीने चालू-बंद करतं आणि बाहेरची मॅग्नेटची रिंग पात्यांसकट फिरते, म्हणजे स्ट्रिंगहॅमचीच आयडिया की! आणि तिच्या डोक्यावर आपण जो मॅग्नेट चिकटवतो तो रोझिंजरचा.

तो मॅग्नेट निओडिमियमचा, म्हणजे आकाराने छोटा पण ताकदीने जबरदस्त, हा प्रकार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सुमितोमोच्या मासातो सागावाने आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने वेगवेगळा शोधला. हार्ड डिस्कवाल्याच्या एकाच तोंडावर नॉर्थ आणि साऊथ दोन्ही पोल असतात म्हणून एकाच तुकड्यात काम भागतं. स्पीड मात्र हळूहळू वाढवा, एकदम वाढवला की बारची पकड सुटते आणि तो भांड्यात नुसता थडथडत राहतो.

आणि खाली हीटर लावायचा विचार करूच नका, साधा निओडिमियम ८० डिग्रीच्या पुढे कमजोर व्हायला लागतो आणि फॅन तर प्लॅस्टिकचाच. गरम करून ढवळायचं असेल तर लॅबचा हॉटप्लेटवालाच घ्या.