सहकारी बँकेच्या खात्यातून पैसे परस्पर गेले? भरपाईचा अर्ज कुठे अडतो ते वाचा

तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून ऑनलाइन पैसे गेले, तर सहकारी बँकेच्या ग्राहकालाही भरपाई मागता येते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांसाठी तसा नियम केला. तरीही अर्ज परत येतात, आणि कारणं तीच ती असतात.

आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० ला फोन लावा, सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका आणि बँकेला सांगून खातं, कार्ड बंद करून घ्या. इथवर सगळे येतात. घोळ होतो पुढे.

पहिला घोळ मुदतीचा. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुणीतरी हात मारला असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास तुमच्यावर एक रुपयाचाही भार येत नाही. हे दिवस व्यवहार झाल्यापासून नव्हे, तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून धरतात, आणि मेसेजचा दिवस मोजत नाहीत. शुक्रवारी रात्री मेसेज आला, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. म्हणजे बुधवार हा तिसरा दिवस. काउंटरवर कुणी "मुदत संपली" म्हणालं तर कॅलेंडर पुढे ठेवा. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं, तर साध्या बचत खात्यावर तुमचा भार जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यापुढे बँकेचं धोरण. पण मुदत आहे म्हणून थांबू नका.

ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची. "साहेबांना सांगून आलो" याला काही किंमत नाही. दोन प्रतींत अर्ज द्या, एकीवर शिक्का, तारीख आणि वेळ घालून पोच घ्या. फोनवर कळवलं असेल तर तक्रार क्रमांक मागा. हा कागद बहुतेकांकडे नसतो, आणि नंतर तो मिळत नाही.

दुसरा अडथळा मेसेजचाच. खात्याला जोडलेला नंबर पुण्यातल्या मुलाचा किंवा कधीच बंद पडलेला, असं सर्रास दिसतं. मग मेसेज कधी मिळाला हे कसं दाखवणार? कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, याच खात्यात येतात ना, मग आजच शाखेत जाऊन नंबर बदला. आणि आलेले मेसेज पुसू नका.

फॉर्मवर व्यवहार क्रमांक मागतात तिथे लोक ॲपचा स्वतःचा क्रमांक लिहितात. यूपीआय असेल तर बँकेला हवा असतो बारा अंकी यूटीआर. तो पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये सापडतो.

आता एफआयआर. बँक म्हणते एफआयआर आणा, ठाण्यात म्हणतात बँकेचं पत्र आणा. त्यात नाशिक शहरातले लोक पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडचे ग्रामीण पोलिसांकडे. या टोलवाटोलवीत माणूस दमतो. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची असते, आणि ते दिवस तुम्ही कळवल्यापासून मोजतात, एफआयआरपासून नव्हे. ती रक्कम लगेच काढता येईलच असं नाही. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा आणि चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच. हे वाक्य अर्जातच लिहा. छोट्या बँकांचं यूपीआय अनेकदा मोठ्या बँकेमार्फत चालतं, म्हणून "वरून उत्तर आलं नाही" ऐकायला मिळेल. ती त्यांची आपसातली व्यवस्था. तुमचं खातं या बँकेत आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. नामकोसारखी (नाशिक मर्चंट्स) शेड्युल्ड, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतली बँक त्यात येते. फार छोट्या नागरी बँकांबाबत आधी विचारून घ्या. थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते, आधी बँकेकडे लेखी तक्रार हवीच.

पतसंस्थेचं मात्र वेगळं. दारावर "बँकिंग सुविधा" लिहिलेलं असलं तरी ती बँक नाही. ती सहसा राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली चालते, तिथे लोकपाल नाही आणि पाच लाखांचं ठेव विमा संरक्षणही नाही. १९३० ची वाट तीच. पतसंस्थेविरुद्धची तक्रार मात्र तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे द्यायची; सोबत सभासद क्रमांक, पासबुकाची झेरॉक्स आणि संस्थेला दिलेल्या अर्जाची पोच जोडा.