ग्रीक शोकांतिकेची ‘मूळ कथा’ कुठली?

ग्रीक शोकांतिका कुणी नव्याने रंगवली की ‘मूळ कथेची मोडतोड केली’ ही ओरड ठरलेली. पण अथेन्सचे नाटककार स्वतः दुसरं काय करत होते? सोफोक्लीसची योकास्टा आपला नवरा ईडिपस हा आपलाच मुलगा आहे हे सत्य कळताच गळफास घेते; युरिपिडीसची योकास्टा त्यानंतरही जगते, मुलांचं भांडण मिटवू पाहते.

एस्किलसच्या नाटकात (इ.स.पू. 458) राजकन्या इलेक्ट्रा अनेक वर्षांनी परतलेल्या भावाला, ओरेस्टीसला, ओळखते ती केसांची बट, पाऊलखुणा आणि स्वतः विणलेल्या वस्त्रावरून. युरिपिडीसने याची चक्क टर उडवली. त्याच्या नाटकात म्हातारा सेवक याच खुणांवरून भाऊ आल्याचं सुचवतो, तेव्हा इलेक्ट्रा त्याला सुनावते: खडकाळ जमिनीवर ठसा उमटेल कसा? बहीणभावाची पावलं एका मापाची असतात? आणि लहानपणीचे कपडे तो अजून घालतो की काय! भाऊ आलेला असतोच म्हणा. म्हातारा त्याला भुवईजवळच्या व्रणावरून ओळखतो.