हारुता, मासाताके

हारुता, मासाताके : (जन्म १९४७). सोन्याच्या उत्प्रेरणाचा (स्वतः खर्ची न पडता रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवून आणण्याचा) पाया घालणारे जपानी रसायनशास्त्रज्ञ. क्योतो विद्यापीठाची डॉक्टरेट १९७६ मध्ये मिळवून ते ओसाका येथील सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढे त्सुकुबा येथील राष्ट्रीय संशोधन संस्थेत आणि टोकियो महानगर विद्यापीठात त्यांनी काम केले.

सोने गंजत नाही, काळवंडत नाही. दागिन्यात जो गुण, तोच उत्प्रेरकात दोष ठरतो. उत्प्रेरकाला अभिक्रियेतले रेणू घटकाभर धरून ठेवावे लागतात, त्यांचे बंध सैल करावे लागतात आणि काम झाले की त्यांना सोडूनही द्यावे लागते. प्लॅटिनम व पॅलेडियम यांना हे सहज जमते. सोन्याच्या सपाट पृष्ठभागावर ऑक्सिजन टिकत नाही. सोन्याच्या चाचण्या अधूनमधून होत, पण प्लॅटिनमपुढे ते फिके पडे, आणि हा धातू उत्प्रेरणाच्या कामाचा नाही असे बहुतेकांनी धरून ठेवले होते.

हारुता यांनी बनवण्याची रीत बदलली. क्लोरोऑरिक आम्ल आणि लोहाचे नायट्रेट यांचे एकत्र द्रावण ते सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात ओतत. दोन्ही धातू एकाच वेळी साक्याच्या रूपाने खाली बसत. साका धुऊन, वाळवून हवेत ४०० अंश सेल्सिअसला तापवला की लोहाच्या ऑक्साइडवर सोन्याचे ५ नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान कण विखुरलेले मिळत. धुण्याचे काम वरवर क्षुल्लक दिसते, पण क्लोराइड मागे राहिले तर तापवताना सोन्याचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. आधारद्रव्यावर (सोन्याचे कण ज्यावर बसतात त्या घन पदार्थावर) द्रावण शोषवून सुकवण्याच्या जुन्या पद्धतीत नेमके हेच घडे. म्हणजे आधीच्यांनी सोने तपासले होते, पण बरेचदा भलत्याच आकाराचे.

असा उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन शून्याखाली ७० अंशांनाही घडवून आणतो, हे त्यांच्या गटाने १९८७ मध्ये ‘केमिस्ट्री लेटर्स’ या जपानी नियतकालिकात छापले. निबंध जेमतेम काही पानांचा. सविस्तर काम १९८९ मध्ये ‘जर्नल ऑफ कॅटॅलिसिस’मध्ये आले. पुढे त्यांनी आम्लता नेमकी राखून टायटॅनियम डायऑक्साइडवर सोने बसवण्याची रीत रुळवली. हवेतला ओलावा अनेक उत्प्रेरकांना मारक असतो. या सोन्याला मात्र तो मानवतो, हेही त्यांच्याच गटाने दाखवले.

१९८७ आणि १९८९ च्या या दोन निबंधांची सायटेशन्स (इतर निबंधांनी केलेले उल्लेख) हजारोंच्या घरात आहेत. कणाचा आकार व आधारद्रव्य यांवर सोन्याची सक्रियता कशी अवलंबून असते याचा १९९७ मधील आढावाही तितकाच उद्धृत होतो. आढावा लेखांना सायटेशन्स स्वस्तात मिळतात, अशी कुरकुर प्रयोगशाळांत नेहमी ऐकू येते आणि ती बरीचशी खरीही आहे. हारुतांच्या बाबतीत ती पुरती लागू पडत नाही. त्यांची कृती दुसऱ्यांना हातात घेऊन वापरावी लागते. सोन्याचा उत्प्रेरक बनवणारा कोणीही पद्धतीच्या परिच्छेदात त्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे सरकत नाही. शिवाय १९९० च्या दशकात नॅनोकणांचा बोलबाला झाला, आणि त्या लाटेला दाखवायला एक ठसठशीत उदाहरण हवेच होते. १९९८ मध्ये अमेरिकेतील गुडमन यांच्या गटाने टायटॅनियावरील (टायटॅनियम डायऑक्साइडवरील) सुमारे ३ नॅनोमीटरचे सोने सर्वांत सक्रिय असल्याचे ‘सायन्स’मध्ये दाखवले, तेव्हा ओसाकाच्या कामाला भौतिकशास्त्रज्ञांचाही वाचक मिळाला.

श्रेयाचा दुसरा वाटेकरी ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम हचिंग्ज. ॲसिटिलीनपासून व्हिनाइल क्लोराइड (पीव्हीसी प्लॅस्टिकचा कच्चा माल) बनवण्यासाठी सोने हा उत्तम उत्प्रेरक ठरेल, असे त्यांनी १९८५ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. या प्रक्रियेत पाऱ्याचे क्लोराइड वापरले जाई. थॉमसन रॉयटर्सने २०१२ मध्ये या दोघांना रसायनशास्त्रासाठी ‘सायटेशन लॉरिएट’ म्हणून एकत्र निवडले. ही निवड सायटेशन्सचा आधार घेऊन नोबेलयोग्य नावे सुचवते. त्या वर्षीचे रसायनशास्त्राचे नोबेल मात्र पेशींवरील ग्राहींच्या (बाहेरचे रासायनिक संदेश टिपणाऱ्या प्रथिनांच्या) संशोधनासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना गेले.

व्यवहारात हे सोने पहिल्यांदा पोचले ते जपानी शौचालयांत. लोहाच्या ऑक्साइडवरील सोन्याचा दुर्गंधनाशक तिथे १९९२ पासून बसवला जाऊ लागला. प्रोपिलीन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांपासून एकाच टप्प्यात प्रोपिलीन ऑक्साइड करण्याचा हारुतांचा १९९८ चा प्रयोग त्याहून महत्त्वाकांक्षी होता. फोम आणि गाद्यांच्या पॉलियुरेथेनला लागणारे हे रसायन सोने-टायटॅनियावर ९० टक्क्यांहून अधिक निवडकपणे तयार होते, म्हणजे बदललेल्या प्रोपिलीनपैकी ९० टक्क्यांहून अधिक भागाचे हेच रसायन बनते. अडचण एवढीच, की एका फेरीत प्रोपिलीनचा फारच थोडा वाटा बदलतो आणि हायड्रोजन भरमसाट जळून जातो.